आमवात : सांधा आतून कसा पोखरला जातो

उतारवयात गुडघे दुखू लागले की आपल्याकडे सर्रास ‘संधिवात’ म्हटले जाते. पस्तिशीतील स्त्रीच्या दोन्ही हातांची बोटे रोज सकाळी सुजून ताठर होऊ लागली, तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी शब्द येतो तो हाच. वस्तुतः या एका शब्दाच्या पोटात शंभराहून अधिक निरनिराळे विकार सामावलेले आहेत. त्यांपैकी दोन विशेष परिचयाचे. पहिल्यास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. त्यात वय, वजन, जुन्या दुखापती यांमुळे सांधा वर्षानुवर्षे झिजत जातो. दुसरा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला ‘आमवात’ म्हणण्याची प्रथा आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्राचीन वैद्यांनी वर्णिलेला आमवात आणि आजचा हा रोग तंतोतंत एकच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु नाव रुळले आहे आणि ते सोयीचेही आहे.

या दुसऱ्या विकारात झीज हे मूळ कारण नसते. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते आणि ते आतून पोखरू लागते. नावाच्या गल्लतीची किंमत रुग्णाला मोजावी लागते ती येथेच. ‘झीज आहे’ अशी एकदा समजूत झाली की तेल, शेक, वेदनाशामक गोळ्या आणि सोशीकपणा एवढ्यावर महिनोन्‌महिने निघून जातात. आमवातात नेमके हेच महिने निर्णायक असतात, कारण सांध्याची जी हानी पुढे कायमची राहते तिचा आरंभ फार लवकर होतो.

हा रोग दुर्मीळ म्हणावा असा नाही. प्रा. ए. एन. मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधील त्याचे प्रमाण ०.७५ टक्के आढळले. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून झालेल्या पाहणीत ते सुमारे अर्धा टक्का होते. म्हणजे हजार प्रौढांमागे पाच ते सात-आठ जण. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि बहुधा ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो.

सांध्याचे अस्तर आणि त्याचे रूपांतर

हानी कशी होते हे कळण्यासाठी सांध्याची रचना थोडी पाहावी लागेल. मनगट, गुडघा, बोटांची पेरे अशा हालचाल करणाऱ्या सांध्यांत दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. प्रत्येक टोकावर कूर्चेचा, म्हणजे डॉक्टर ज्याला कार्टिलेज म्हणतात त्याचा, गुळगुळीत थर असतो. सांध्याभोवती एक चिवट पिशवी असते. तिला आतून सायनोव्हियम नावाचे अस्तर असते. निरोगी अवस्थेत हे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचे असते. सांध्याला लागणारे वंगण तेच पुरवते. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातसुद्धा हे वंगण चहाच्या चमचाभराहून अधिक नसते.

कूर्चेविषयी दोन गोष्टी येथे लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा नष्ट झालेली कूर्चा शरीराला पूर्ववत भरून काढता येत नाही. तिच्यात संवेदना वाहून नेणारे मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती नष्ट होत असताना स्वतः दुखत नाही.

आमवाताची सुरुवात पुष्कळदा सांध्यापासून दूर आणि सांधा दुखू लागण्याच्या कितीतरी आधी होते. शरीरातील काही प्रथिनांच्या घडणीत बदल होतो. आर्जिनीन या घटकाचे सिट्रुलीनमध्ये रूपांतर होते आणि ही बदललेली प्रथिने परकी समजून शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ‘अँटी-सीसीपी’ या नावाने रक्तात तपासली जातात ती हीच. लक्षणे उमटण्यापूर्वी काही वर्षे ती रक्तात सापडू शकतात. आनुवंशिक ठेवणीचा यात वाटा आहे. धूम्रपानाचाही आहे, सिगारेट-विडीच्या धुराने फुप्फुसांत जे घडते तेथून या प्रक्रियेला चालना मिळते, असे मानण्यास सबळ पुरावा आहे. आंबट खाणे, दही, कैरी किंवा वांगे यांवर मात्र आपल्याकडे जेवढा दोष टाकला जातो तेवढा पुरावा त्यांच्याविरुद्ध कोणी दाखवलेला नाही.

पुढे कधीतरी हा कलह सांध्याच्या अस्तरात उतरतो. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशा दाह पेटता ठेवणाऱ्या रसायनांचा स्राव सुरू होतो. नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जे अस्तर दोन-तीन पेशींचे होते ते कित्येक पटींनी जाड होते. वंगणाचे प्रमाणही वाढते. अशा सांध्याची सूज बोटाने दाबून पाहिल्यास मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते, तर झिजलेल्या सांध्याचा फुगीरपणा हाडासारखा टणक असतो. अनुभवी डॉक्टरांचे अर्धे निदान या स्पर्शातच होते. बोटांच्या टोकाकडील, नखांजवळचे सांधे आमवात बहुधा सोडून देतो. मनगटे, मुठीच्या उंचवट्यांचे सांधे आणि मधली पेरे धरतो, आणि तीही बहुतेक वेळा दोन्ही हातांना सारखीच. दाह वाढवणाऱ्या रसायनांचे प्रमाण पहाटे सर्वाधिक असते. म्हणूनच सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो.

जाड झालेले हे अस्तर आता केवळ सुजलेले राहत नाही, तर सांध्याच्या कडांवरून आत सरकू लागते. या आक्रमक थराला ‘पॅनस’ असे नाव आहे; मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कापड. कूर्चेवर हळूहळू कापड पांघरले जावे, तसा हा थर पसरतो.

हाड कोठे आणि कसे कुरतडले जाते

कूर्चेचा थर जेथे संपतो आणि सांध्याची पिशवी हाडाला जेथे चिकटते, त्या दोहोंच्या दरम्यान हाडाची एक अरुंद पट्टी उघडीच असते. तिच्यावर कूर्चेचे संरक्षण नसते. पॅनसचा पहिला हल्ला बहुधा येथेच होतो. पण हाड पॅनस स्वतः खात नाही. ते काम तो दुसऱ्यांकडून करवून घेतो.

आपले हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड मोडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट या पेशी आणि नवे हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट या पेशी यांचे काम जन्मभर समतोलाने चालू असते. आमवातात हा तोल मोडतो. दाह झालेल्या अस्तरातून ‘रँक-लिगँड’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात सुटते आणि त्याच्या आज्ञेने तेथल्या तेथे हाड मोडणाऱ्या पेशींची फौज तयार होते. त्या आम्ल आणि पाचक रसायने सोडून हाडात लहान खड्डे पाडतात. नवे हाड घडवणाऱ्या पेशींना दाहाच्या वातावरणात काम करता येत नाही. त्यामुळे पडलेला खड्डा भरून निघत नाही. क्ष-किरण चित्रात हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसते ती यामुळे. डॉक्टर तिला ‘इरोजन’ म्हणतात.

कूर्चेचा नाश वेगळ्या मार्गाने होतो. अस्तरातील काही पेशी प्रथिने विरघळवणारी विकरे सोडतात आणि कूर्चेचा तंतुमय सांगाडा पचवला जातो. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधील मोकळी जागा. ही जागा अरुंद होत गेली की कूर्चा कमी झाली असे समजावे. हाडातील खड्डे आणि ही अरुंद जागा या दोन वेगवेगळ्या हानी आहेत. कार्यक्षमतेच्या दृष्टीने पाहता कूर्चेची हानी कमी गंभीर मुळीच नाही, जरी अहवालात वाचकाचे लक्ष आधी खड्ड्यांकडे जाते.

या पेशी एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात जात असाव्यात काय, असाही प्रश्न संशोधकांना पडला होता. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात रुग्णांच्या अस्तरातील पेशी कूर्चेच्या तुकड्यासह शरीराच्या एका बाजूस रोवल्या. त्या पेशी रक्तावाटे दुसऱ्या बाजूस रोवलेल्या निरोगी कूर्चेपर्यंत पोहोचल्या आणि तिच्यावर आक्रमण करू लागल्या. माणसात असेच घडते हे यावरून सिद्ध होत नाही. पण एका मनगटापासून सुरू झालेला रोग काही महिन्यांत पायापर्यंत कसा पोहोचत असेल, याची एक शक्यता त्यातून दिसते.

पायाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. रुग्णाची तक्रार हातांची असते, म्हणून चित्रही हातांचेच काढले जाते. प्रत्यक्षात हाडातील पहिला खड्डा पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी सापडतो. म्हणून संधिवाततज्ज्ञ, अर्थात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, हातांबरोबर दोन्ही पायांचे चित्रही मागतात. तो अनावश्यक खर्च समजू नये.

हे सर्व किती काळात घडते? योग्य औषध न मिळाल्यास पुष्कळ रुग्णांच्या हाडांत पहिल्या दोन वर्षांतच खड्डे दिसू लागतात. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत ते त्याहूनही आधी दिसतात. साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही म्हणून सांधा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष सुरुवातीच्या महिन्यांत काढता येत नाही.

वाकडी होणारी बोटे

हाड आणि कूर्चेबरोबर सांध्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात, आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आपल्या जागेवरून सरकतात. मग रोजच्या वापरातील ओढच बोटांना वाकवू लागते. चारही बोटे करंगळीच्या दिशेने कलतात. काही बोटे मधल्या पेरात मागे झुकून टोकाशी पुढे वळतात आणि हंसाच्या मानेसारखी दिसतात. बांगडी मनगटावर चढेनाशी होते, पोळपाटावर लाटणे धरवत नाही, ओले कपडे पिळता येत नाहीत.

उपचाराविना हा रोग कोठवर नेतो, याचे सर्वाधिक नोंदले गेलेले उदाहरण म्हणजे फ्रेंच चित्रकार प्येर-ओग्यूस्त रेन्वार. १८९२ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, त्यांना हा आजार सुरू झाला असे मानले जाते. तेव्हा त्याला रोखणारे औषधच अस्तित्वात नव्हते. बोटांची हालचाल टिकावी म्हणून ते रोज सकाळी चेंडू झेलण्याचा सराव करीत. पुढे तेही जमेना. १९१२ च्या सुमारास ते चाकाच्या खुर्चीला खिळले. बोटे तळव्यात इतकी वळली होती की कुंचला दुसऱ्याने हातात अडकवून द्यावा लागे. हाताला कुंचला बांधीत असत ही कथा प्रसिद्ध आहे. पण वळलेल्या बोटांनी तळव्याची कातडी सोलवटू नये म्हणून फडके गुंडाळलेले असे, हे अभ्यासकांचे म्हणणे अधिक पटणारे आहे. १९१५ मध्ये त्यांचे काम करतानाचे चलच्चित्र घेतले गेले, आणि त्यात ते हात स्पष्ट दिसतात. १९१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही. त्यांच्या जिद्दीचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्यच आहे. तथापि आजच्या रुग्णाने रेन्वार यांच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे : ते हात म्हणजे वीस-पंचवीस वर्षे कोणत्याही परिणामकारक औषधाविना चाललेल्या आमवाताचे चित्र आहे. जगातील पहिले मानवी हृदयरोपण करणारे दक्षिण आफ्रिकेचे शल्यविशारद ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनाही याच रोगामुळे १९८३ मध्ये शस्त्रक्रिया करणे थांबवावे लागले.

वेदना हा भरवशाचा निदर्शक नाही

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्द्याकडे वळता येईल. दुखणे आणि सांध्याची हानी या एकाच गोष्टी आहेत, असे रुग्ण गृहीत धरतो. दुखणे कमी म्हणजे रोग कमी, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो बरोबर असतोच असे नाही.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके दाहाची एक बाजू तात्पुरती शमवतात. बोटे सकाळी लवकर मोकळी होतात, दिवस बरा जातो. पण अस्तरातील मूळ कलह, हाड मोडणाऱ्या पेशींना मिळणारी आज्ञा आणि कूर्चा पचवणारी विकरे यांच्यावर त्यांचा परिणाम होत नाही. वर्षभर गोळीच्या आधाराने सुखात असलेल्या रुग्णाची हाडे त्याच वर्षात कुरतडली गेलेली असू शकतात. रोग शमला आहे असे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाटत असताना सोनोग्राफीत काही सांध्यांच्या अस्तरात दाह चालू असल्याचे दिसते, हेही आता ज्ञात आहे.

उलट प्रकारही घडतो. रोग आटोक्यात येऊनही काही रुग्णांचे दुखणे थांबत नाही, कारण मज्जासंस्था दीर्घकाळच्या वेदनेने अतिसंवेदनशील झालेली असते, किंवा आधी झालेल्या हानीमुळे सांधा यांत्रिकदृष्ट्या बिघडलेला असतो. अशा रुग्णाला औषधाची मात्रा वाढवून उपयोग होत नाही.

आणखी एक उदाहरण मनगटाचे आहे. मनगटाच्या पाठीवरून बोटे सरळ करणाऱ्या कंडरा जातात. खालचे हाड खडबडीत झाले आणि भोवतीचे अस्तर सुजले की त्या दोरासारख्या घासल्या जातात. एखाद्या दिवशी करंगळी सरळ होत नाही, एवढेच रुग्णाच्या लक्षात येते. तुटताना वेदना जवळजवळ होतच नाही. काही आठवड्यांत शेजारच्या बोटाचीही तीच गत होऊ शकते. ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबणे येथे महागात पडते. अशा वेळी हाताच्या शल्यविशारदाला तातडीने दाखवले पाहिजे.

मग मोजायचे काय? डॉक्टर सांधे मोजतात. खांदे, कोपरे, मनगटे, बोटांचे सांधे आणि गुडघे मिळून अठ्ठावीस सांध्यांपैकी किती सुजलेले आहेत व किती दाबल्यावर दुखतात, हे पाहून त्यात ईएसआर किंवा सीआरपी या रक्ततपासणीचा आकडा आणि रुग्णाचे स्वतःचे मत मिळवले जाते. त्यातून रोगाच्या जोराचा एक अंक निघतो. या यादीत पाय नसतात, ही तिची उणीव आहे; पायांची तक्रार रुग्णाने आपणहून सांगावी. ‘आरए फॅक्टर’ ही तपासणी आपल्याकडे सर्रास केली जाते आणि तिच्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत. ती काही निरोगी व्यक्तींमध्ये, विशेषतः वृद्धांमध्ये, सकारात्मक येते. उलट प्रत्यक्ष आमवात असलेल्या पुष्कळांमध्ये नकारात्मकही असते. केवळ या एका कागदावरून रोग आहे किंवा नाही असे ठरवणे योग्य नव्हे. सकारात्मक अँटी-सीसीपी मात्र हाडांच्या हानीची शक्यता अधिक असल्याचे सुचवते.

निदानाच्या निकषांतही हाच बदल झाला आहे. १९८७ च्या अमेरिकी निकषांत क्ष-किरण चित्रातील हानी आणि कातडीखालच्या गाठी यांचा समावेश होता. म्हणजे निदान पक्के होईपर्यंत नुकसान झालेले असण्याचा संभव. २०१० मध्ये अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी मिळून केलेल्या निकषांतून त्या दोन्ही गोष्टी वगळल्या गेल्या. एका सांध्याची निश्चित सूज आणि तिचे दुसरे कारण नसणे, एवढ्यावर विचार सुरू होतो. दुसरे कारण तपासणे आपल्या देशात विशेष अगत्याचे आहे. २००६ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली, तेव्हापासून ज्वर ओसरल्यावरही महिनोन्‌महिने सांधे धरलेले रुग्ण डॉक्टरांना भेटत असतात. त्यांचे हात आमवातासारखेच दिसतात, पण बहुतेकांचे दुखणे कालांतराने निवळते.

हानी रोखणारी औषधे

या रोगाच्या औषधांचा इतिहास आशा आणि निराशा यांनी भरलेला आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण स्त्री काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यासाठी मिळाले. परंतु दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम लवकरच दिसू लागले : हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. आज स्टेरॉइड कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी, मुख्य औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंत दिले जाते. ‘वातावरची पुडी’ म्हणून मिळणाऱ्या, घटकांचा पत्ता नसलेल्या भुकट्यांनी चमत्कारासारखा गुण येतो तेव्हा त्यात पुष्कळदा हेच स्टेरॉइड न सांगता मिसळलेले असते. चेहरा गोल होऊ लागतो, वजन वाढते आणि पुडी एकाएकी थांबवणेही धोक्याचे होऊन बसते.

आजच्या उपचाराचा कणा मेथोट्रेक्झेट हे औषध आहे. फॉलिक आम्लाच्या विरोधात काम करणारी ही औषधे ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाली, तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरम येथे जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बराव करीत होते. ती प्रथम रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. आमवातासाठी मेथोट्रेक्झेटला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आमवातातील मात्रा कर्करोगाच्या मात्रेपेक्षा फारच कमी असते. ‘कर्करोगाचे औषध’ म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते बंद करणे हे मोठे नुकसान आहे.

येथे एक सावधगिरी ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. घरातील वृद्धांच्या गोळ्यांच्या डबीत ते रोजच्या गोळ्यांबरोबर ठेवू नये, आणि ठरलेला वार चिठ्ठीवर अक्षरांत लिहून घ्यावा. सोबत फॉलिक आम्ल देतात, आणि रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. मद्यपान टाळावे. गर्भधारणेचा विचार असल्यास ते किती आधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणारे रुग्ण थोडे नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन आणि लेफ्लुनोमाइड ही याच गटातील अन्य औषधे होत.

यांनी रोग आटोक्यात येत नसल्यास जैव औषधांचा विचार होतो. त्यांचा पाया ज्या संशोधनाने घातला, ते लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये केले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ या रसायनाला अडवणारे औषध रुग्णांना प्रथम दिले. ही औषधे हाडांची हानी लक्षणीयरीत्या रोखतात. मात्र ती महाग आहेत आणि सुप्त क्षयरोग जागा करू शकतात. म्हणून आपल्याकडे ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी कटाक्षाने केली जाते. २०१४ च्या अखेरीस अडालिमुमॅब या औषधाची भारतीय बनावटीची आवृत्ती आली आणि त्यानंतर किमती काहीशा उतरल्या. तोफासिटिनिबसारखी तोंडाने घ्यावयाची नवी औषधेही आता उपलब्ध आहेत.

परंतु महागडे औषध हाच हानी रोखण्याचा एकमेव मार्ग, असा समज करून घेऊ नये. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ११० रुग्णांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. जैव औषधे कोणालाच दिली नव्हती. एका गटाला नेहमीप्रमाणे दर तीन महिन्यांनी तपासले गेले. दुसऱ्या गटाची दर महिन्यास सांधे मोजून तपासणी झाली, ठरलेले लक्ष्य गाठले नसेल तर जुनीच औषधे वाढवली किंवा जोडली गेली आणि सुजलेल्या सांध्यांत इंजेक्शने दिली गेली. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातील १६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा रोग शमलेला आढळला. सांध्यांची हानीही दुसऱ्या गटात कमी होती. फरक औषधांच्या किमतीचा नव्हता. वारंवार मोजण्याचा आणि वेळेवर बदल करण्याचा होता. ‘बरे वाटते आहे’ म्हणून वर्ष-वर्ष तीच चिठ्ठी औषधांच्या दुकानात फिरवणाऱ्यांसाठी हे विचार करण्याजोगे आहे. ज्यांचा आयुर्वेद किंवा अन्य पद्धतीवर विश्वास आहे त्यांनीही ही कसोटी सोडू नये : सूज असलेले सांधे मोजले जात आहेत काय, आणि ठरावीक काळाने हाता-पायांची क्ष-किरण चित्रे पाहिली जात आहेत काय?

झालेल्या हानीसह

पडलेले खड्डे आणि गेलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. चांगल्या उपचाराने खड्ड्यांच्या कडा क्वचित सांधल्या जातात, पण सांध्याचा मूळ आकार परत येत नाही. गुडघा व खुबा यांचे कृत्रिम सांधेरोपण आता सर्व मोठ्या शहरांत होते. हातासाठी पट्ट्या, जाड मुठीची भांडी व पेन, आणि व्यवसायोपचारतज्ज्ञाने शिकवलेल्या पकडीच्या पद्धती यांचा चांगला उपयोग होतो.

मानेकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांध्यालाही अस्तर असते, आणि ते पोखरले गेल्यास मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. जुन्या आमवाताच्या रुग्णाने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला या रोगाची कल्पना आवर्जून द्यावी, कारण भूल देताना मान मागे वाकवली जाते.

हातातील बदल सर्वांत आधी सहीत दिसतो, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यांना निराळे सांगायला नको. नमुना सहीशी न जुळणारी सही म्हणजे प्रत्येक वेळी संशयास्पद व्यवहार नव्हे. खातेदाराने सही बदलू लागताच नवा नमुना शाखेत द्यावा, म्हणजे धनादेश परत जाण्याची वेळ येत नाही. सही करणेच अशक्य झालेल्या आजारी वा अक्षम खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत तरतूद आहे. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेच्या परिचयाच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखल्यास तो ग्राह्य धरला जातो. त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही देता येत नसेल तर धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या अर्जावर खातेदाराने केलेली साधी खूण त्याच रीतीने साक्षांकित करून चालते.